वंगणाशिवाय फिरणारा शाफ्ट: कार्बन नॅनोट्यूबच्या यंत्रांविषयी एका लेथवाल्याच्या शंका

कुपवाडचा_टर्नर

नमस्कार. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझे छोटे वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग आणि एक जुने शेपर एवढाच पसारा. उसाच्या चरकाचे गनमेटल बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी), पंपांचे शाफ्ट आणि गळीत हंगामातील कारखान्यांची तातडीची कामे यांवर तीस वर्षे घर चालले आहे. माझी भाची सांगलीतच अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने प्रकल्पासाठी कार्बन नॅनोट्यूबपासून फिरणारे यंत्र तयार करण्याचा, म्हणजे संगणकावर त्याचे डिझाइन करण्याचा विषय घेतला आहे. परवा रात्री तिने मला पडद्यावर एका नळीत दुसरी नळी फिरताना दाखवली आणि म्हणाली, "मामा, हे बेअरिंग. याला ग्रीस लागत नाही आणि हे झिजतही नाही."

तिच्यासमोर मी मान डोलावली, पण मनाला पटले नाही. तीस मिलिमीटरच्या शाफ्टला बुश करताना मी दोन-चार शतांश मोकळीक ठेवतो, कारण तेलाला जागा लागते आणि तापल्यावर धातू फुगतो. तिच्या नळ्यांमध्ये मोकळीक किती आणि ती ठरवतो कोण? शाफ्ट बाहेर सरकू नये म्हणून कॉलर किंवा सर्क्लिप, म्हणजे अडवणारी कडी, कुठे बसवायची? मुख्य म्हणजे त्याला फिरवणार कशाने? आणि हे सगळे खरे असेल, तर गेल्या हंगामात एका कारखान्यातील मिलचे बेअरिंग तापून बसले म्हणून मला रात्री दोन वाजता अंथरुणातून का उठवले गेले? शेवटचा प्रश्न गमतीने घ्यावा. बाकीचे मनापासून विचारले आहेत.

कृष्णाकाठ

टर्नरसाहेब, पहिल्या प्रश्नाचे उत्तर ऐकून आपल्याला थोडा राग येईल. तिथली मोकळीक अणू ठरवतात.

ग्रॅफाइटचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा गुंडाळून कडेला कडा शिवण न दिसता जोडली की जी नळी होते, ती कार्बन नॅनोट्यूब. जपानच्या सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये एकात एक बसलेल्या अशा नळ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९९३ मध्ये एकेरी भिंतीच्या नळ्याही मिळाल्या. पेन्सिलीतील ग्रॅफाइटच्या दोन थरांत साधारण ०.३४ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) अंतर असते, आणि एकात एक बसलेल्या नळ्यांच्या भिंतींतही जवळपास तेवढेच असते. भिंती त्याहून जवळ आणल्या तर एकमेकींना ढकलतात, लांब नेल्या तर ओढतात.

डिझाइन करणाऱ्याच्या हाती उरते ती जोडीची निवड. पापुद्रा कोणत्या दिशेने गुंडाळला हे दोन पूर्णांकांनी सांगतात. (५,५) नळीचा व्यास ०.६८ नॅनोमीटर असतो आणि (१०,१०) नळीचा १.३६, त्रिज्यांतील फरक बरोबर ०.३४ येतो, म्हणून ही जोडी छान जमते. बाहेर (९,९) घेतली तर फरक ०.२७ होऊन ती दाटते, (११,११) घेतली तर ०.४१ होऊन सैल पडते. या ओळीत मधले माप मिळत नाही, कारण अर्धा अणू नसतो.

आटपाडी_एक्सप्रेस

म्हणजे बुश दाटला म्हणून पॉलिश पेपर मारून भागवण्याची सोय नाही. आमच्याकडची निम्मी वर्कशॉपे या एका अटीवर बंद पडतील.

शंकासुर

मी या विषयाकडे बऱ्याच वर्षांपासून लक्ष ठेवून आहे आणि माझे मत स्पष्ट सांगतो. नासाच्या एम्स केंद्रातील जी हान, अल ग्लोबस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये नॅनोट्यूबच्या गिअरचे गणित प्रसिद्ध केले. नळीच्या अंगावर बेंझाइनचे रेणू दात्यांसारखे चिकटवायचे, अशा दोन नळ्या एकमेकींना भिडवायच्या आणि एक फिरवली की दुसरी फिरते, अशी ती कल्पना. सेकंदाला शंभर अब्ज फेऱ्यांच्या आसपास दाते निसटू लागतात, तुटत मात्र नाहीत, असे त्यात दाखवले होते. चित्र अतिशय देखणे होते आणि अनेक मासिकांची मुखपृष्ठे त्याने सजली असती तरी मला नवल वाटले नसते. पण दाता नेमक्या जागी चिकटवणारा फिटर कुठे आहे? ज्या गिअरला दाते कापणारे हॉब लागत नाही, कापायला कोरी चकती म्हणजे ब्लँक लागत नाही आणि कामगारही लागत नाही, तो गिअर पडद्यावरच फिरत राहणार.

कुपवाडचा_टर्नर

शंकासुर यांचा मुद्दा माझ्या मनातलाच आहे, पण त्यांनी दिलेल्या आकड्यावर मी थोडे गणित केले. एक नॅनोमीटर व्यासाची नळी सेकंदाला एक अब्ज फेरे फिरली, तर पाय (π) गुणिले व्यास गुणिले फेरे या आमच्या रोजच्या सूत्राने तिच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ३.१४ मीटर, म्हणजे मिनिटाला १८८ मीटर येतो. कार्बाइडच्या टिपने माइल्ड स्टील कापताना मी साधारण याच वेगावर लेथ चालवतो! अब्ज फेरे ऐकून छाती दडपली होती, पण पृष्ठभागाचा वेग माझ्या लेथएवढाच निघाला. शंभर अब्ज फेऱ्यांना मात्र तो सेकंदाला ३१४ मीटर होतो, जो हवेतील आवाजाच्या वेगाच्या जवळ आहे. एवढ्या वेगाचा हट्ट कशासाठी?

अणुगणित

टर्नरकाका, तुम्ही जे विचारले ते या विषयात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांनाही सहसा सुचत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मी मूळचा इस्लामपूरचा आणि अशीच सिम्युलेशन करून पोट भरतो.

वेगाचा हट्ट बऱ्याच अंशी संगणकाचा आहे. अणू कंप पावतात ते फार झपाट्याने, त्यामुळे त्यांची हालचाल मोजताना काळाचे पाऊल एक फेम्टोसेकंदाच्या आसपास ठेवावे लागते. अशी दहा लाख पावले टाकली की एक नॅनोसेकंद पुरा होतो. यंत्र सेकंदाला हजार फेरे फिरत असेल, तर एकच फेरा पाहायला दहा लाख नॅनोसेकंद मोजावे लागतील आणि तोवर भाचीचे शैक्षणिक वर्ष संपेल. म्हणून सगळे जण अब्जावधी फेऱ्यांवर प्रयोग करतात, आणि वाचणाऱ्याला वाटते की यंत्राचा कामाचा वेगच तेवढा आहे.

तिला माझ्याकडून दोन गोष्टी सांगा. पहिली म्हणजे कार्बनच्या अणूंमधील बळासाठी ब्रेनर यांचे १९९० चे सूत्र मूळ रूपात वापरले, तर बंध नीट धरले जातात, पण न जोडलेल्या दोन भिंतींमधील ओढ त्यात नसते. बेअरिंगचे सारे मर्म त्या ओढीत आहे. २००० मधील सुधारित सूत्रात ती घातलेली आहे आणि लॅम्प्स या मोफत प्रणालीत ते उपलब्ध आहे. मी स्वतः पहिल्या वर्षी ही चूक करून दोन महिने 'घर्षणशून्य' बेअरिंगच्या आनंदात काढले होते. मार्गदर्शकांनी विचारले की आतली नळी मध्यभागी कशामुळे राहते, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसरी गोष्ट तापमानाची. सिम्युलेशनमध्ये तापमान स्थिर ठेवणारी सोय चालू असली, तर घर्षणाने निर्माण झालेली उष्णता ती गुपचूप काढून घेते आणि बेअरिंग गार असल्याचा भास होतो. ती सोय बाहेरच्या नळीच्या टोकांपुरतीच ठेवावी किंवा फिरकी दिल्यावर पूर्ण बंद करावी, आणि मग फेरे किती मंदावतात व नळ्या किती तापतात ते पाहावे.

कुपवाडचा_टर्नर

हे लगेच समजले. बेअरिंगवर पाण्याची धार सोडून ठेवायची आणि हात लावून म्हणायचे की तापत नाही! असे करणारे महाभाग मी पाहिले आहेत.

परगावचा_सांगलीकर

शंकासुर यांना उत्तर द्यावे म्हणून लिहितो. पडद्याबाहेरही एक यंत्र फिरले आहे. बर्कली येथील अ‍ॅलेक्स झेटल यांच्या गटाने २००३ मध्ये नॅनोट्यूबवर बसवलेली विजेची मोटर प्रसिद्ध केली. सिलिकॉनच्या चिपवर अनेक भिंतींची एक नळी आडवी, तिची दोन्ही टोके पक्की, मध्यावर काहीशे नॅनोमीटर लांबीची सोन्याची पट्टी म्हणजे रोटर आणि भोवती तीन विद्युतअग्रे म्हणजे स्टेटर. टर्नरसाहेबांच्या 'फिरवणार कशाने' या प्रश्नाचे एक उत्तर इथे मिळते: पट्टीवर आणि स्टेटरवर व्होल्टेज बदलत राहायचे, की पट्टी ओढली जाऊन वळते.

बेअरिंग कसे मोकळे केले ते पाहण्यासारखे आहे. सुरुवातीला पट्टी बाहेरच्या भिंतीला चिकटलेली असते आणि भिंत दोन्ही टोकांना धरलेली असते, त्यामुळे पट्टी थोडी पिळते आणि परत येते. मग मोठे व्होल्टेज देऊन तिला इतके पिळतात की बाहेरची भिंत तुटते. तुटलेला तुकडा पट्टीसह आतल्या भिंतींवर मोकळा फिरू लागतो. बुश आणि शाफ्ट वेगवेगळे करून जोडलेले नाहीत. एकाच नगातून, मोडून, दोन्ही काढले आहेत.

यातील अडचणही अनुभवाने सांगतो. मी या प्रकारच्या लटकत्या सूक्ष्म रचनांवर काम करतो. रचनेखालचा काचेचा थर आम्लाने खाऊन काढला की ती अधांतरी राहते, आणि त्यानंतर ती धुऊन वाळवावी लागते. पहिल्या खेपेस मी ती सरळ वाळू दिली. सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याची कड सरकत आली आणि तिच्या मागोमाग माझ्या बाराच्या बारा पट्ट्या एकामागून एक तळाला टेकल्या, ओल्या पदराने फरशीला चिकटावे तशा. त्यांतील एकही पुन्हा उठली नाही. त्या आकाराला वजन हा विषयच राहत नाही; पाण्याचा ताण आणि पृष्ठभागांची चिकट हेच राज्य करतात. तेव्हापासून पाणी काढून त्या जागी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड भरून, कड तयारच होऊ न देता वाळवण्याची पद्धत मी कधी टाळली नाही.

मिरजेचा_तंबोरा

तार खुंटीवर प्रमाणाबाहेर चढवली की तुटते आणि शिव्या बसतात. इथे मुद्दाम तोडून मोटर केली. आमच्या घरात तीन पिढ्या तंबोरे आणि सतारी होतात. जवारी काढताना, म्हणजे तारेचा आवाज खुलवताना, तार जिच्यावर टेकते त्या घोडीचा माथा इतका हलका घासायचा असतो की किती घासला हे डोळ्यांना दिसत नाही, तारेचा आवाज उघडला की हात थांबवायचा. परगावचा_सांगलीकर यांना विचारायचे आहे की नेमकी बाहेरचीच भिंत तुटते आणि आतल्या शाबूत राहतात, याची खात्री कशी पटते? तुमच्याकडे कान लावायला काय आहे?

(आणि कृपया कोणी 'सातारची सतार' हा विनोद करू नये. तो माझ्या जन्माआधीचा आहे.)

परगावचा_सांगलीकर

पट्टी नळीवर बाहेरून बसवलेली असल्याने ती बाहेरच्याच भिंतीला धरून असते आणि पीळही आधी तिलाच बसतो. तुटल्याची खूण वागण्यात दिसते. आधी व्होल्टेज काढले की पट्टी मूळ जागी परतत असे, तुटल्यावर ती जिथे नेली तिथेच राहते. शिवाय ते सगळे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चाललेले असते. कान लावण्याइतके सुंदर नाही, पण चालते.

कृष्णाकाठ

सर्क्लिपचा प्रश्न राहून गेला. २००० मध्ये कमिंग्ज आणि झेटल यांनी अनेक भिंतींच्या नळीचे एक टोक उघडून आतला गाभा दुर्बिणीच्या नळीसारखा बाहेर ओढला आणि सोडला. तो आपोआप आत गेला. भिंतींमधील ओढ गाभ्याला जास्तीत जास्त आत ठेवू पाहते, म्हणून या शाफ्टला कॉलर लागत नाही. झिजेविषयी सांगायचे तर वारंवार आतबाहेर करूनही भिंतींवर झीज दिसली नाही. भाचीचे ते वाक्य अगदीच हवेतले नाही.

घर्षण शून्य मात्र नाही. चीनमधील छिंगह्वा विद्यापीठाच्या गटाने २०१३ मध्ये सेंटिमीटरभर लांबीच्या दुहेरी नळ्यांतून आतली नळी बाहेर ओढून दाखवली, तेव्हा लागणारे बळ एकमेकींत असलेल्या लांबीवर अवलंबून नव्हते. पन्हळी पत्र्यावर पन्हळी पत्रा त्याच दिशेने ठेवला तर खाचेत खाच बसते आणि सरकवताना दम निघतो. तिरका ठेवला तर कुठे उंचवटा कुठे खाच असे होऊन एकूण अडथळा जवळपास फिटतो. अणूंची जाळी जुळत नसलेल्या भिंती निवडल्या तर हाच लाभ मिळतो, आणि अडथळा उरतो तो मुख्यतः टोकांपाशी. म्हणून टोकांचे अणू उघडे ठेवू नयेत, त्यांवर हायड्रोजन बसवावा. आपल्या भाषेत बुशाच्या तोंडाला चॅम्फर मारावा, म्हणजे धारदार कड काढून टाकावी.

चाळकेवाडीचा_वारा

मी साताऱ्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीत होतो. आमची पाती संथ फिरतात आणि गिअरबॉक्स तो वेग वाढवून जनित्राला देतो. वारा क्षणभर पडला तरी पात्यांच्या जडत्वावर चक्र फिरत राहते. या इवल्याशा चाकाला फ्लायव्हीलसारखे काही बसवता येईल का?

अणुगणित

पाण्यात असेल तर उपयोग होणार नाही. एडवर्ड पर्सेल यांनी १९७७ मध्ये हिशेब मांडला होता की पोहणाऱ्या जिवाणूने शेपूट हलवणे थांबवले तर तो एका अणूच्या व्यासाहूनही कमी अंतर पुढे जाऊन थांबतो. आपण काकवीत हात घालून फिरवावा आणि थांबवावा, त्याच्याही पलीकडची ती अवस्था आहे. नॅनोट्यूबची नळी याहूनही लहान, तेव्हा जडत्वावर विसंबायचे तर निर्वात जागा हवी. वर उष्णतेचे धक्के आहेतच. खोलीच्या तापमानाला प्रत्येक वस्तू साधारण ४ पिकोन्यूटन-नॅनोमीटर एवढ्या ऊर्जेने थरथरत असते. तुमचा चालक याहून पुष्कळ जोराने ढकलत नसेल, तर चाक मागेपुढे डुलत बसेल.

पानमळा_तासगाव

मग निर्वाताचा सोस का? माझ्या शिवारातील उसाच्या प्रत्येक हिरव्या पानात एटीपी सिंथेज नावाची, पेशीचे इंधन असलेला एटीपी हा रेणू बनवणारी फिरणारी यंत्रे पाण्यात आणि धक्क्यांत बिनतक्रार चालतात. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी त्या प्रथिनाच्या कण्याला चमकणारा तंतू जोडून तो फिरताना प्रत्यक्ष पाहिला, आणि त्याच वर्षी बॉयर व वॉकर यांना त्या यंत्रणेसाठी नोबेलचा वाटा मिळाला. निसर्गाने ना कठीण शाफ्ट घेतला ना गुळगुळीत बुश. माणूस मात्र वर्कशॉपची सवय अणूंवर लादतो आहे, असे माझे मत आहे.

शंकासुर

पानमळा यांच्याशी मी सहमत आहे, जे माझ्या बाबतीत दुर्मीळ आहे. २०१६ चे रसायनशास्त्राचे नोबेल सोवाज, स्टॉडार्ट आणि फेरिंगा यांना मिळाले ते रेणूंच्या यंत्रांसाठी, आणि ती यंत्रे रसायनशाळेत चंचुपात्रात अब्जावधींच्या संख्येने एकदम तयार होतात. नॅनोट्यूबची मोटर चिपवर विखुरलेल्या नळ्यांतील एक शोधून, तिच्याभोवती एक एक करून बांधावी लागते. शिवाय भट्टीतून नळ्या येतात त्या मिसळलेल्या. गुंडाळणीनुसार साधारण एक तृतीयांश धातूसारख्या आणि दोन तृतीयांश अर्धवाहक निघतात. कृष्णाकाठ यांची (१०,१०) नळी हवी म्हणून दुकानात मागता येत नाही.

कृष्णाकाठ

मिसळीचा मुद्दा मान्य. पण धक्के हे शत्रूच असतात असे नाही. बार्सिलोनाच्या गटाने २००८ मध्ये लांब नळीवर आखूड नळी बसवून आतून वीज सोडली. मधला भाग तापला आणि आखूड नळी उष्ण भागाकडून थंड भागाकडे सरकू लागली. दोन भिंतींची जाळी जशी जुळेल त्याप्रमाणे ती नुसती सरकते, नुसती फिरते किंवा बोल्टवरच्या नटासारखी फिरत सरकते. वर्कशॉपच्या सवयीतूनही कधी कधी नवे निघते, पानमळा.

आटपाडी_एक्सप्रेस

नॅनोट्यूबची पूड ऑनलाइन मिळते असे दिसते. थोडी मागवून बेअरिंगच्या ग्रीसमध्ये घालून पाहावी का?

परगावचा_सांगलीकर

वर्कशॉपच्या उघड्या टेबलावर कृपया नको. लांब आणि ताठ नळ्या उंदरांच्या शरीरात अ‍ॅस्बेस्टॉससारखा दाह निर्माण करतात, असे २००८ मध्ये दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१४ मध्ये अशा एका प्रकारच्या नळ्यांना संभाव्य कर्ककारक म्हटले आहे. ती पूड डबा उघडताच धुरासारखी उडते. आमच्याकडे ती बंद कपाटात हातमोजे घालून हाताळतात.

कुपवाडचा_टर्नर

सर्वांचे आभार. सगळी उत्तरे छापून भाचीला दिली. तिने सूत्र तपासले, सुदैवाने ते सुधारित होते. तापमानाची सोय मात्र सगळ्या अणूंवर चालू होती. ती बंद करून तिने आतल्या नळीला एकदाच फिरकी दिली. नळी हळूहळू मंदावली आणि दोन्ही नळ्या किंचित तापल्या. 'घर्षण नाही' हे वाक्य तिने अहवालातून स्वतःच काढले. डिझाइनमध्ये घेतलेले गिअरचे दातेही काढले, आता फक्त बेअरिंग आणि वेगवेगळ्या जोड्यांची तुलना एवढाच विषय ठेवला आहे. शंकासुर यांना हा विजय वाटला तर त्यांनी खुशाल घ्यावा.

फाइनमन यांनी १९५९ मध्ये एक चौसष्टांश इंचाच्या मोटरसाठी हजार डॉलरचे बक्षीस लावले होते आणि पुढच्याच वर्षी विल्यम मॅक्लेलन यांनी ती हातानेच, नेहमीच्या हत्यारांनी करून दाखवली, असे तिने मला वाचून दाखवले. फाइनमन थोडे खट्टू झाले म्हणे, कारण त्यांना नवे तंत्र हवे होते. मला मात्र मॅक्लेलन यांचा हात पाहायला आवडला असता. एक चौसष्टांश म्हणजे ०.४ मिलिमीटर, त्या मापाचे भोक पाडतानाही माझे ड्रिल मोडते.

एक नवी अडचण आहे. तिची आतली नळी फिरताना वाकते आणि तिचा अक्ष भोवरा निजायला आल्यासारखा घुमतो. हे डुलणे किती ते आकड्यात कसे मांडावे, असे ती विचारत होती. मी म्हटले, यालाच आम्ही रनआउट म्हणतो. दोन टोकांना आणि मध्ये डायल लावून, शाफ्ट हाताने फिरवत, काटा किती हलतो ते पाहतो. रविवारी तिला वर्कशॉपवर बोलावले आहे. पंपाचा एक वाकलेला शाफ्ट मुद्दाम व्ही-ब्लॉकवर ठेवून दिला आहे.

अणुगणित

काका, तीच पद्धत चालेल. नळीच्या लांबीवर तीन ठिकाणी अणूंची कडी निवडायची, प्रत्येक कड्यातील अणूंचा मध्यबिंदू दर पावलाला काढायचा आणि तो अक्षापासून किती सरकतो ते लिहून ठेवायचे. फक्त तिला सांगा की फिरकी देण्याआधी, नळी स्थिर असतानाही हे माप एकदा घ्यावे. उष्णतेने ती तेव्हाही थोडी हलत असणार, आणि ते वजा केल्याशिवाय रनआउटचा आकडा खरा येणार नाही.

कुपवाडचा_टर्नर

म्हणजे आधी डायलचा झिरो सेट करायचा. सांगतो.